कैगाचा किरणोत्सारी कचरा : त्याचे वर्ग कोणते आणि तो शेवटी जातो कुठे?

प्रश्न : भूगोल-शिक्षिका, काणकोण

नमस्कार मंडळी. मी काणकोण तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात भूगोल शिकवते. पोळेचा नाका ओलांडला की कारवार आणि कारवारहून काळी नदीच्या काठाने आत गेले की कैगाचे अणुवीज केंद्र, अशी आमची जागा असल्यामुळे अणुऊर्जेचा धडा आमच्या वर्गात नुसता धडा राहत नाही. मुलांच्या घरी त्यावर बोलणे होते आणि ते बोलणे दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापर्यंत येते.

यंदा बारावीच्या मुलांनी प्रकल्पासाठी किरणोत्सारी कचरा हा विषय निवडला आणि दोन गटांनी दोन टोकांची माहिती आणली. एका गटाचे म्हणणे असे की हा कचरा 24 हजार वर्षांनीसुद्धा जेमतेम निम्मा शमलेला असतो. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की यातला बहुतेक कचरा म्हणजे हातमोजे, फडकी, कागद आणि गाळण्या असून तो फार तर तीनशे वर्षे सांभाळावा लागतो. दोघांनीही आधार दाखवले आणि ते आधार मला वरवर पाहता चुकीचे वाटले नाहीत.

माझ्या शंका अशा आहेत. या कचऱ्याचे वर्ग नेमके कशाच्या आधारे पाडतात? कैगातला कोणता कचरा कैगातच राहतो आणि कोणता बाहेर जातो? आणि आपल्याकडे चार महिने जो पाऊस कोसळतो, त्याचा विचार या व्यवस्थेत केलेला असतो का? उत्तर सविस्तर असले तरी चालेल. मुलांना मी ते सोपे करून सांगेन.


उत्तर : निवृत्त रसायन अभियंता, फोंडा

बाई, आपल्या दोन्ही गटांची माहिती खरी आहे, मात्र ती दोन वेगळ्या पदार्थांविषयी आहे. पहिल्या गटाचा आकडा प्लुटोनियम-239 चा आहे; त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे 24,100 वर्षांचे आहे. दुसऱ्या गटाचा हिशेब सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 यांवरून आलेला आहे. या दोघांचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास असल्यामुळे तीनशे वर्षांत दहा अर्धायुष्ये उलटतात आणि मूळ किरणोत्साराचा साधारण हजारावा भाग उरतो. साऱ्या वर्गवारीच्या मुळाशी हाच फरक आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2009 मध्ये जी वर्गवारी प्रसिद्ध केली, तिच्यात दोनच प्रश्न विचारलेले आहेत. कचऱ्यात किरणोत्सार किती आहे, हा पहिला. आणि तो किती काळ टिकणार, हा दुसरा. त्यांतून सहा वर्ग निघतात : नियंत्रणातून मुक्त करता येणारा, अतिअल्पायुषी, अतिनिम्न पातळीचा, निम्न पातळीचा, मध्यम पातळीचा आणि उच्च पातळीचा. प्रत्येक वर्गासोबत त्याचे ठिकाणही ठरते. अतिअल्पायुषी कचरा कोठीत ठेवून शमू द्यायचा. अतिनिम्न पातळीच्या कचऱ्याला साध्या भराव-जागेसारखी व्यवस्था पुरते. निम्न पातळीचा कचरा भूपृष्ठालगत बांधलेल्या खंदकांत जातो. मध्यम पातळीच्या कचऱ्यासाठी काही दहा ते काही शे मीटर खोली सांगितली आहे, तर उच्च पातळीच्या कचऱ्यासाठी शेकडो मीटर खोल, स्थिर खडक. थोडक्यात, कचरा किती खाली न्यायचा आणि त्यावर किती काळ पहारा ठेवायचा, हे वर्गावरून ठरते.

यातली सर्वांत वादाची सीमारेषा निम्न आणि मध्यम या वर्गांमधली आहे. नुसता किरणोत्सार जास्त म्हणून कचरा मध्यम वर्गात जातो, असे नाही. त्यात अल्फा किरण सोडणारी दीर्घायुषी द्रव्ये किती आहेत, हेही पाहावे लागते. अनेक देशांत दर ग्रॅमला सरासरी 400 बेकेरेल (एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) आणि एखाद्या सुट्या पिंपासाठी 4,000 बेकेरेल ही मर्यादा धरतात. त्याहून अधिक असेल तर तो कचरा भूपृष्ठालगत ठेवता येत नाही, कारण तीनशे वर्षांचा पहारा संपल्यावरही तो जवळजवळ होता तसाच असतो. मध्यम आणि उच्च यांच्यातली रेषा उष्णतेची आहे. उच्च पातळीचा कचरा स्वतःच तापत राहतो, त्यामुळे त्याच्या साठवणीत थंड करण्याची सोय आधी पाहावी लागते.

प्रमाण पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. अणुवीज निर्मितीत तयार होणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी आकारमानाने सुमारे 90 टक्के कचरा निम्न पातळीचा असतो, पण त्यात एकूण किरणोत्साराचा अवघा 1 टक्का असतो. उलट उच्च पातळीचा कचरा आकारमानाने 3 टक्के आणि किरणोत्साराने 95 टक्के. आपला दुसरा गट पहिल्या आकड्याविषयी बोलतो आहे आणि पहिला गट शेवटच्या.

आता कैगा. तेथे प्रत्येकी 220 मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत. पहिल्या दोन 2000 साली आणि चौथी 2011 मध्ये व्यावसायिक वापरात आली. या भट्ट्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे जड रूप असते) वापरतात. इंधनाचा एकेक जुडगा सुमारे अर्धा मीटर लांब असतो, त्यात 19 नळ्या असतात आणि हातात घ्यायचा झाला तर तो तांदळाच्या लहान पोत्याएवढा, म्हणजे पंधरा-सोळा किलोंचा भरतो. नवा जुडगा खरोखरच हातमोजे घालून उचलता येतो. भट्टीतून बाहेर आलेल्या जुडग्याजवळ मात्र आडोशाशिवाय उभे राहणे जिवावर बेतेल. भट्टी चालू ठेवूनच इंधन बदलता येत असल्यामुळे पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या एका भट्टीतून दिवसाला साधारण आठ जुडगे बाहेर पडतात. ते तेथील पाण्याच्या टाकीत काही वर्षे ठेवावे लागतात. पाणी उष्णताही नेते आणि किरणांना आडही येते. त्यानंतर पुनर्प्रक्रिया, म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढणे. त्याची केंद्रे ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम येथे आहेत.

याचा अर्थ, खरा उच्च पातळीचा कचरा कैगात तयारच होत नाही. तो पुनर्प्रक्रियेच्या केंद्रात, इंधन नायट्रिक आम्लात विरघळवल्यानंतर तयार होतो. कैगात कायमचा राहतो तो भट्टीच्या रोजच्या चालण्यातून निघणारा निम्न आणि काही प्रमाणात मध्यम पातळीचा कचरा. आपल्या देशातल्या प्रत्येक अणुवीज केंद्राच्या आवारात त्यासाठी भूपृष्ठालगतची जागा राखलेली असते.

ही जागा कशी असते, ते सांगतो. पिंप आले की त्याच्या पृष्ठभागाला मीटर लावून किरणांचा दर मोजतात आणि त्यावरून त्याचे ठिकाण ठरते. सर्वांत सौम्य कचरा दगडी अस्तराच्या खंदकात, त्याहून तीव्र कचरा प्रबलित काँक्रीटच्या खंदकात, आणि सर्वांत तीव्र कचरा जमिनीत उभ्या पुरलेल्या, आतून पोलादी अस्तर असलेल्या काँक्रीटच्या नळकांड्यात. त्याआधी जळण्याजोगे जाळून, दबण्याजोगे दाबून आकारमान कमी केलेले असते आणि ओला गाळ सिमेंटमध्ये घट्ट केलेला असतो. कामाचा निम्मा वेळ खरे म्हणजे वेगवेगळे करण्यात जातो. एखाद्याने सौम्य कचऱ्याच्या पिशवीत एक तीव्र फडके टाकले तर अख्खे पिंप वरच्या वर्गात जाते आणि जागा फुकट जाते. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट हीच असे.

पावसाचे विचाराल तर तो या रचनेचा पहिला शत्रू मानला जातो. जागा निवडताना भूजलाची पातळी पाहतात, खंदक भरत असताना त्यावर छत धरतात, भरल्यावर काँक्रीटचे झाकण आणि जलरोधक थर घालतात, आणि सभोवार विहिरी खोदून त्यांतले पाणी नियमित तपासतात. नुसत्या एका भिंतीवर कोणी भिस्त ठेवत नाही.


उत्तर : वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, तिसवाडी

वरच्या उत्तरात अतिअल्पायुषी वर्गाचा उल्लेख एका वाक्यात आला आहे. त्यात थोडी भर घालतो, कारण हा वर्ग कैगापेक्षा आपल्या रुग्णालयांत जास्त पाहायला मिळतो आणि मुलांना तो समजणेही सोपे जाईल.

हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी वापरले जाणारे टेक्नेशियम-99एम सहा तासांत निम्मे होते, तर पेट-स्कॅनचे फ्लोरिन-18 110 मिनिटांत. अशा तपासणीतल्या सुया, कापूस आणि हातमोजे आम्ही तारीख घातलेल्या पिशवीत बांधून शिशाच्या आडोशाच्या पेटीत ठेवतो. दहा अर्धायुष्ये उलटली, मीटर परिसरातल्या नेहमीच्या पातळीवर आला, की पिशवीवरचे किरणोत्साराचे चिन्ह खोडून ती साध्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या वाटेला लागते. चिन्ह खोडायला विसरणे हाही नियमभंगच मानला जातो, कारण पुढे कचरा उचलणारा माणूस विनाकारण घाबरतो.

आयोडीन-131 चे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे आणि थायरॉइडच्या कर्करोगासाठी ते मोठ्या मात्रेत दिले जाते. त्या रुग्णाचे मलमूत्र थेट गटारात सोडता येत नाही. त्या खोलीचे शौचालय वेगळ्या टाक्यांना जोडलेले असते. एक टाकी भरली की ती बंद करून दुसरी सुरू करतात आणि पहिलीतले पाणी पुरेसे शमल्यावरच सोडतात. या प्रक्रियेत कोणतेही रसायन लागत नाही, कोणती यंत्रणाही लागत नाही. फक्त जागा आणि वेळ लागतो.

एक सूचना. मुलांच्या प्रकल्पात निकामी झालेल्या बंदिस्त स्रोतांचा, म्हणजे उपकरणांतल्या सीलबंद किरणोत्सारी पदार्थांचा, उल्लेख जरूर असू द्या. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 असलेले जुने प्रयोगशाळेतले यंत्र फोडले गेले आणि त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. तो कचरा वीजनिर्मितीतला नव्हता, पण नोंदवहीतून सुटलेली वस्तू भंगारात गेली की वर्गवारीचा काही उपयोग राहत नाही.


प्रश्नकर्तीची पुरवणी : भूगोल-शिक्षिका, काणकोण

देव बरे करो, दोघांचेही आभार. टाक्यांचे उदाहरण मुलांना लगेच कळेल. एक गोष्ट मात्र राहिली. घन कचरा खंदकात गेला, हे समजले. पण द्रव कचऱ्याचे काय? कैगाचे पाणी कद्रा जलाशयातून येते आणि काळी नदी कारवारला समुद्राला मिळते. आमच्या किनाऱ्यावरची मासेमारी करणारी मंडळी नेमके हेच विचारतात. दुसरे असे की पुनर्प्रक्रियेनंतरचा उच्च पातळीचा कचरा आज नेमका कुठे आहे?


उत्तर : खाणपट्टा, डिचोली

फोंड्याच्या सरांनी व्यवस्था कशी असावी, ते उत्तम सांगितले आहे. ती कशी असते, याविषयी काही शंका मांडतो. मी अणुशास्त्राचा जाणकार नाही. लोहखनिजाच्या खाणीत भूशास्त्रज्ञ म्हणून काम केले आहे. खाणीवरचे डंप (उपसलेल्या मातीचे ढीग) आणि टेलिंगचे (खनिज वेगळे केल्यावर उरणाऱ्या गाळाचे) तलाव कागदावर कायम सुरक्षित असतात, त्यांना बांध असतो, निचरा असतो, झाडे लावलेली असतात. आणि तरीही जोराच्या पावसात त्यांतली लाल माती डिचोली-सत्तरीच्या शेतांत उतरलेली आपण साऱ्यांनी पाहिली आहे. खाण बंद पडली की डंपची राखण कोणी करायची, हा प्रश्न आपल्याकडे दहा-बारा वर्षांतच उभा राहिला. तेथे तीनशे वर्षांच्या पहाऱ्याची गोष्ट ऐकली की माझा हात साहजिकच कागदपत्रांकडे जातो.

पहिली शंका वर्गवारीतून काय वगळले आहे याची. भारतात वापरलेले इंधन कचरा मानले जात नाही. त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम काढायचे असल्यामुळे ते संपत्ती म्हणून गणले जाते. फिनलंड आणि स्वीडन यांनी मात्र तेच इंधन थेट कचरा ठरवून खडकात पुरण्याचा मार्ग घेतला. म्हणजे तोच जुडगा एका देशात उच्च पातळीचा कचरा आणि दुसऱ्या देशात कच्चा माल. तेव्हा एखाद्या देशात उच्च पातळीचा कचरा फार थोडा आहे, असे विधान ऐकले की टाक्यांत पडून असलेले इंधन त्यात धरले आहे का, हे मुलांनी आधी पाहावे. तसेच युरेनियमच्या खाणीचे टेलिंग. झारखंडमधल्या जादुगुडा युरेनियम खाणीच्या तलावांतला गाळ किरणोत्साराने सौम्य, पण आकारमानाने प्रचंड आणि आयुष्याने अतिदीर्घ आहे. वीज केंद्राच्या टक्केवारीत तो दिसत नाही.

दुसरी शंका अशी की वर्ग बरोबर लावला तरी पिंपात काय भरले, हे कोण पाहतो? अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात 655 मीटर खोल मिठाच्या थरात 1999 पासून दीर्घायुषी कचऱ्याचे भांडार चालते. फेब्रुवारी 2014 मध्ये तेथे एक पिंप आतून तापून फुटले आणि किरणोत्सार पृष्ठभागापर्यंत आला. कारण काय, तर ओल शोषण्यासाठी खनिज पदार्थाऐवजी धान्यापासून बनवलेला मांजराच्या पेटीतला भुसा वापरला गेला होता आणि नायट्रेटशी त्याची रासायनिक क्रिया झाली. भांडार जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. वर्ग अचूक होता, जागा अचूक होती, खडक तर कोट्यवधी वर्षांचा होता. घात केला तो खरेदीच्या यादीतल्या एका बदलाने.

जर्मनीतल्या आसे येथील मिठाच्या खाणीचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. 1967 ते 1978 या काळात तेथे सुमारे सव्वा लाख पिंपे उतरवली गेली. जुन्या पोकळ्यांत पाणी शिरू लागल्याने ती बाहेर काढण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्यासाठी 2013 मध्ये कायदाही झाला. ज्या खाणीचा मुळात मिठासाठी चाळणीसारखा उपसा झाला होता तीच स्वस्तात मिळाली म्हणून निवडली गेली, असे मला वाटते. खाणवाल्याला रिकामी खाण दिसली की तिचा उपयोग सुचतो. तो मोह वाईट.

कैगाच्याच बाबतीत नोव्हेंबर 2009 ची घटना आठवावी. ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) असलेले पाणी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले. ती कचऱ्याची गळती नव्हती, आतल्याच कोणाचे कृत्य मानले गेले. तरीही किरणोत्सारी द्रव नोंदीबाहेर जाऊ शकतो, हे त्यातून दिसलेच.


उत्तर : निवृत्त रसायन अभियंता, फोंडा

डिचोलीच्या मित्रांनी मांडलेली पहिली शंका मला पूर्णपणे मान्य आहे. वापरलेले इंधन संपत्ती म्हणून मोजायचे असेल तर त्याचा साठा, वय आणि पुनर्प्रक्रियेचा वेग ही माहितीही सोबत दिली पाहिजे. नाहीतर हिशेब अर्धा राहतो. जगभरात आजवर भट्ट्यांतून निघालेले इंधन सुमारे चार लाख टन भरते आणि त्यातल्या फार तर एकतृतीयांश इंधनावर पुनर्प्रक्रिया झालेली आहे. दुसऱ्या शंकेबाबत एवढेच म्हणेन की न्यू मेक्सिकोची घटना आता या क्षेत्रातल्या प्रशिक्षणात शिकवली जाते. आसेविषयी मात्र आपले अनुमान आहे तेवढेच राहू द्यावे.

आता बाईंचे दोन प्रश्न.

द्रव कचऱ्याला तीन वाटा आहेत. अल्पायुषी द्रव्ये असतील तर थांबवून शमू देतात. जास्त किरणोत्सार असेल तर रसायनाने साका खाली बसवून, राळेच्या स्तंभातून गाळून किंवा बाष्पीभवनाने आटवून किरणोत्सार थोड्या आकारमानात आणतात आणि ते थोडके सिमेंटमध्ये घट्ट करतात. जे अतिसौम्य उरते ते मोजून, पाणी मिसळून सोडतात. ही तिसरी वाट लोकांना खटकते आणि खटकणे योग्यच आहे. तिचे खरे कारण ट्रिटियम हे आहे. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचेच भावंड. ते पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसते, म्हणून राळेने किंवा गाळणीने ते वेगळे निघत नाही. जड पाण्याच्या भट्ट्यांत ते इतर भट्ट्यांपेक्षा अधिक तयार होते. त्याचे अर्धायुष्य 12.3 वर्षांचे, बीटा किरण अगदी दुबळे, त्वचेतूनही आत न शिरणारे; धोका आहे तो शरीरात गेल्यास.

सोडायची मात्रा केंद्राच्या मर्जीवर नसते. 1987 च्या नियमांनुसार किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट लावायला अधिकारपत्र लागते, आणि अणुऊर्जा नियामक मंडळ दर दिवसाची व वर्षाची कमाल मात्रा घालून देते. सर्वसामान्य माणसाला अशा सर्व मार्गांनी मिळून वर्षाला 1 मिलिसिव्हर्टहून (हे शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचे एकक) अधिक मात्रा मिळता कामा नये, अशी मर्यादा आहे. निसर्गातूनच माणसाला जगात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. भट्टी सुरू होण्याआधीपासून प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती पाणी, मासे, दूध, भाजी, गवत यांचे नमुने तपासते. काणकोणच्या मासेमारांना सांगायचे झाले तर त्यांनी माशांतल्या सीझियमचा आणि पाण्यातल्या ट्रिटियमचा आकडा मागावा. नुसत्या सुरक्षित या शब्दावर समाधान मानू नये. आणि समुद्रात पिंपे टाकण्याची भीती कोणी घालत असेल तर ती प्रथा काही पाश्चात्त्य देशांत व सोव्हिएत संघात एकेकाळी खरोखर होती. 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय करारानुसार किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्यावर पूर्ण बंदी आली.

उच्च पातळीच्या कचऱ्याचे उत्तर काच हे आहे. जड पाण्याच्या भट्टीतल्या वापरलेल्या इंधनात जवळजवळ 99 टक्के युरेनियमच असते, प्लुटोनियम अर्ध्या टक्क्याहून कमी आणि विखंडनातून झालेली द्रव्ये 1 टक्क्याहून कमी. आम्लात विरघळवून पहिली दोन काढून घेतली की जो द्रव उरतो, त्यात सीझियम, स्ट्रॉन्शियम आणि त्यांचे सोबती असतात. तो प्रथम पोलादी टाक्यांत ठेवतात, मग बोरोसिलिकेट काचेच्या घटकांबरोबर सुमारे 1,000 अंश सेल्सियसला वितळवतात आणि पोलादी डब्यात ओततात. हे सारे जाड भिंतींच्या बंद कक्षात चालते. बाहेर उभा असलेला चालक पिवळसर झाकेच्या, शिसे मिसळलेल्या जाड काचेतून पाहत यांत्रिक हातांनी काम करतो; डब्याच्या झाकणाचे वेल्डिंगसुद्धा त्याच पद्धतीने होते. ही केंद्रेही ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम येथेच आहेत. तारापूरला काचेचे डबे ठेवण्याचे भूमिगत भांडार असून ते उंच धुराड्याच्या नैसर्गिक ओढीने, पंख्याविना, हवेवर थंड राहते. आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर हे : तो कचरा आज देखरेखीखालच्या साठवणीत आहे. कायमचे खोल भांडार भारतात नाही.

कोलारच्या सोन्याच्या खाणीत एकेकाळी सुमारे हजार मीटर खोलीवर खडकावर उष्णतेचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग झाले होते. नोव्हेंबर 2012 मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राविषयीच्या सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणाच्या निमित्ताने कोलारचे नाव भांडारासाठी पुढे येताच तेथे आंदोलन झाले आणि तसा विचार नसल्याचे सरकारला सांगावे लागले. घाई नाही, कारण डबे काही दशके थंड व्हावेच लागतात, असे अधिकृत बाजू सांगते. ते तांत्रिकदृष्ट्या खरे आहे; पण जागा शोधणे, लोकांशी बोलणे आणि खडक अभ्यासणे यालाही तितकीच दशके लागतात. फिनलंडने ऑल्किलुओतो येथे 400 मीटरहून खोल, जवळपास 190 कोटी वर्षे जुन्या खडकात बोगदे खणले. त्या जागेचा शोध त्यांनी 1980 च्या दशकातच सुरू केला होता. आपण सुरुवात टाळतो आहोत, हे माझे वैयक्तिक मत.

एक चांगली बाजूही नोंदवतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने या द्रवातून सीझियम-137 वेगळे काढून काचेच्या कांड्यांच्या रूपात रक्तपेढ्यांच्या उपकरणांसाठी दिले आणि रुथेनियम-106 पासून डोळ्यांच्या कर्करोगावरच्या पट्ट्या बनवल्या. तेवढ्याने कचऱ्याचा डोंगर हलत नाही, पण तापणारा भाग काढून घेतला की उरलेल्याचे काम सोपे होते.


प्रश्न : भूगोल-शिक्षिका, काणकोण

मुलांनी आज वर्गात विचारलेली शंका तशीच लिहिते. काच पाण्यात विरघळत नाही, हे कोणी हजारो वर्षे थांबून पाहिले आहे?


उत्तर : खाणपट्टा, डिचोली

याचे उत्तर मी देतो, कारण ते भूशास्त्राचे आहे आणि येथे मी सरांच्या बाजूचा आहे. काच अगदीच विरघळत नाही, असे नाही. ती अतिशय हळू विरघळते आणि पाणी जितके गरम तितकी लवकर. म्हणूनच डबे थंड झाल्यावरच खडकाजवळचे पाणी त्यांना लागावे, अशी रचना करतात. निसर्गातली ज्वालामुखीची काच लाखो वर्षे टिकलेली आहे आणि तिच्या पृष्ठभागावरचा झिजलेला थर मोजून वेग काढता येतो. शिवाय आफ्रिकेतल्या गॅबोन देशात ओक्लो येथे सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजातच आपोआप अणुभट्टी चालू झाली होती. 1972 मध्ये त्याचा शोध लागला. तेथे काच नव्हती, डबे नव्हते, पाणी मात्र वाहते होते. तरीही प्लुटोनियमसारखी जड द्रव्ये जागची फारशी हलली नाहीत, असे त्या खनिजाच्या विश्लेषणातून दिसले. सीझियम मात्र निसटले होते. खडक काय धरून ठेवतो आणि काय सोडतो, याचा इतका जुना दाखला दुसरा नाही.

प्रकल्पासाठी मुलांना माहिती अधिकाराखाली अर्ज करायचा असेल तर तीन गोष्टी मागाव्यात असे सुचवतो : कैगाच्या आवारातील खंदकांत दरवर्षी प्रत्येक वर्गाचा किती घनमीटर कचरा गेला, सभोवारच्या निरीक्षण विहिरींतील पाण्याचे आकडे काय आहेत, आणि भट्ट्या बंद झाल्यानंतर त्या जागेच्या राखणीचा खर्च कोणत्या खात्यातून होणार आहे. पहिल्या दोन गोष्टींचे उत्तर मिळण्याची शक्यता बरी आहे. तिसऱ्यासाठी पहिले अपील करण्याची तयारी ठेवावी.